देऊळ मोठें कीं मंडळी मोठी?

कर्जत व खालापूर हे दोन तालुके म्हणतांच बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें माथेरानचा डोंगर, बोरघाटांतील बोगदे, भाताचीं खाचरें आणि ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या उभ्या राहतात. ख्रिस्ती देवळाची आठवण फारच थोड्यांस होईल. सबंध महाराष्ट्रांत २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें ख्रिस्ती लोकांची संख्या १० लक्ष ८० हजार, म्हणजे शेंकडा एकाहूनहि किंचित् कमी आहे. त्यांतहि त्यांची दाट वस्ती मुंबई, वसई व जुना अहमदनगर जिल्हा या बाजूंस. मग इतक्या लहान समाजाच्या घरगुती व्यवस्थेपायीं एका दैनिकानें आपले रकाने कां खर्चावे, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, जो प्रश्न आज या थोड्या लोकांपुढें उभा आहे तोच प्रत्येक जातीपुढें, पंथापुढें व देवस्थानापुढें येणार आहे. किंबहुना आलाच आहे. मनुष्य आपलें गांव सोडून आगगाडीच्या वाटेनें दुसरीकडे बिऱ्हाड करूं लागला, म्हणजे ज्या समाजानें त्याला जन्मापासून मरणापर्यंत धरून ठेविलें होतें त्या समाजाचें पुढें काय होतें, हा तो प्रश्न होय.

मराठी प्रोटेस्टंट लोकांत ‘चर्च’ या शब्दास एक नामी प्रतिशब्द रूढ आहे. ते त्यास ‘मंडळी’ म्हणतात. आपल्या भाषेंत ‘घरचीं मंडळी’ म्हणजे घराच्या भिंती नव्हेत, घरांतील माणसें. तेव्हां हा शब्द ज्यानें प्रथम योजिला त्यानें देवळाहून माणसांस वरचें स्थान दिलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. परंतु शब्दांत जें ठरलें तें व्यवहारांत नेहमींच टिकतें असें नाहीं. इमारत डोळ्यांस दिसते, तिला सात-बाराचा उतारा असतो, तिच्या जागेला भाव येतो. माणसें मात्र येतात, जातात आणि विसरलीं जातात.

मंडळीचें जुनें काम काय होतें तें आधीं पाहूं. १८१३ सालीं अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक मुंबईस उतरले व पुढें १८३१ सालीं त्यांनीं अहमदनगरास ठाणें घातलें. त्या काळीं ज्यानें बाप्तिस्मा घेतला त्याचें घर, जात, पंगत व विहीर एका दिवसांत तुटे. १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क जात नाहीं असें ठरविलें खरें. पण कायदा वारसा देऊं शकला, शेजार देऊं शकला नाहीं. तो शेजार मंडळीनें दिला. शाळा तिची, दवाखाना तिचा, नोकरी तिच्या शिफारशीची, सोयरीक तिच्या ओळखीची आणि शेवटची माती तिच्याच आवारांतली. जातीनें टाकलेल्यास मंडळी हीच दुसरी जात झाली. लक्ष्मीबाई टिळकांचें ‘स्मृतिचित्रें’ ज्यांनीं वाचलें आहे त्यांस, पतीनें १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावर एका ब्राह्मण घराची काय दशा झाली व त्या बाईंनीं स्वतः १९०० सालीं तोच मार्ग धरीपर्यंत काय काय सोसलें, हें निराळें सांगावयास नको.

या आश्रयाचा उपकार मोठा होता. पण त्याची किंमतहि मोठी होती. जो अन्न देतो तोच मत देऊं लागतो. पगार मिशनचा, म्हणून पाळक मिशनचा. पाळक मिशनचा, म्हणून मंडळी मिशनची. आणि मिशन तर सातासमुद्रांपलीकडच्या वर्गणीवर चालणारें. हें ज्यांच्या मनास प्रथम खुपलें त्यांत खुद्द रेव्हरंड नारायण वामन टिळक अग्रभागीं होते. ज्ञानोदयाचे ते संपादक, मराठींत उपासनेचीं गीतें रचून त्यांनीं मंडळीस आपली भाषा दिली. आणि तरीहि १९१७ सालीं मिशनच्या चाकरीचा पाश तोडून त्यांनीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यांत बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा दोघांनाहि जागा होती. ख्रिस्ताचें अनुयायित्व हें परदेशी संस्थेच्या पटावर नांव असण्यावर अवलंबून नाहीं, हें त्यांचें म्हणणें. १९१९ च्या मे महिन्यांत टिळक वारले व तो दरबार पुढें वाढला नाहीं. पण त्यांनीं विचारलेला प्रश्न त्यांच्यामागें उरला. स्वदेशीची भाषा राजकारणांत बोलणाऱ्या आम्हां लोकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे कीं, धर्मकारणांत स्वदेशीचा आग्रह धरणारा हा पुरुष त्याच सुमारास त्याच महाराष्ट्रांत झाला.

आतां आपल्या दोन तालुक्यांकडे वळूं. येथें ख्रिस्ती वस्ती आली ती बव्हंशीं रुळांवरून. १८५६ सालीं आगगाडी खोपोलीपर्यंत पोंचली. १८६३ सालीं बोरघाट खुला झाला व कर्जत हें घाट चढणाऱ्या गाड्यांस मागून इंजिन जोडण्याचें ठाणें बनलें. रेल्वेच्या नोकरींत गोमंतकीय व अँग्लो-इंडियन ख्रिस्ती पुष्कळ असत, हें सर्वश्रुत आहे. माथेरानावर गोऱ्या साहेबांसाठीं हवा खाण्याच्या मोसमाच्या सोयीनें देवळें झालीं. सेंट पॉल व होली क्रॉस हीं त्यांचीं नांवें आजहि तेथें आहेत. १९०७ सालीं आदमजी पीरभाईंच्या घराण्यानें नेरळहून डोंगरावर लहान गाडी नेली, १९१५ सालीं टाटांच्या खोपोली येथील वीजघरांतून मुंबईस वीज जाऊं लागली, पुढें रसायनीस कारखाने झाले, २००२ सालीं द्रुतगतिमार्ग सर्व खुला झाला. आतां तर मुंबईच्या उपनगरांत घर परवडत नाहीं म्हणून नेरळ, कर्जत व खोपोली येथें संसार थाटणाऱ्यांची रीघ लागली आहे. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, तसे ख्रिस्तीहि आहेत.

या नव्या ख्रिस्ती कुटुंबांची स्थिति विचार करण्यासारखी आहे. एकाचें मूळ वसईस, दुसऱ्याचें मंगळुरास, तिसऱ्याचें नगराकडे, चौथ्याचें केरळांत. एक रोमन कॅथॉलिक, दुसरा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा, तिसरा मेथडिस्ट, चौथा सीरियन परंपरेचा. पहाटेच्या लोकलनें जावें, रात्रीं परतावें. वडिलांचें देऊळ दूर राहिलें आणि जवळच्या देवळांत ओळखीचें कोणी नाहीं. जुन्या गावीं मंडळी ही जन्मानें मिळत होती. येथें ती प्रयत्नानें जमवावी लागते. नेमका हाच फरक आज जगभरच्या ख्रिस्ती समाजांत पडत आहे, आणि कर्जत-खालापुरांत तो लहान प्रमाणांत पण स्पष्ट दिसतो.

संस्थांनींहि हा पालट ओळखला नाहीं असें नाहीं. १९६२ ते १९६५ या काळांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें लॅटिनचा सक्तीचा अंमल सैल केला व उपासना लोकभाषेंत आणिली. चर्च म्हणजे धर्मगुरूंची उतरंड एवढेंच नसून ‘देवाची प्रजा’ होय, असें सांगितलें. मुंबईच्या महाधर्मप्रांतांत, ज्यांत रायगड जिल्हाहि मोडतो, १९८० च्या दशकापासून मोठ्या धर्मग्रामाचे वाड्यांवाड्यांतून लहान लहान शेजारसमूह करण्याचा उपक्रम चालू झाला. पांचपंचवीस घरांनीं एकत्र येऊन शास्त्र वाचावें, कोण आजारी आहे, कोणाची नोकरी गेली आहे हें पाहावें, असा त्यांतील हेतु. प्रोटेस्टंटांकडे १९७० च्या नोव्हेंबरांत नागपूर येथें सहा निरनिराळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालें. परदेशांतल्या भांडणांनीं पडलेल्या भिंती आपल्या देशांत कशास जपाव्या, हा त्यांतील विचार राष्ट्रीय वृत्तीच्या मनुष्यास पटण्याजोगाच आहे. अलीकडे पोप फ्रान्सिस यांनीं २०२१ सालीं आरंभिलेल्या धर्मसभेंत २०२३ च्या ऑक्टोबरांत स्त्रियांस प्रथमच मताचा अधिकार मिळाला.

पण कागदावरचा ठराव निराळा आणि गांवचा व्यवहार निराळा. २०२० च्या मार्चमध्यें महामारीमुळें सर्व देवळांचीं दारें बंद झालीं. महाराष्ट्रांत तीं त्याच वर्षीं नोव्हेंबरांत उघडलीं, पुन्हां मिटलीं, व १०२१ नव्हे तर २०२१ च्या ऑक्टोबरांत कायमचीं उघडलीं. मधल्या काळांत भाविक घरीं बसून मोबाईलवर मिस्सा व उपदेश ऐकण्यास शिकले. तेव्हांपासून कित्येक तरुण विचारूं लागले आहेत कीं, उत्तमांतला उत्तम उपदेश जर हातांतल्या यंत्रावर ऐकावयास मिळतो, तर रविवारची झोंप मोडून मंडळींत कां जावें? हा प्रश्न उद्धटपणाचा म्हणून झिडकारण्यासारखा नाहीं. त्याचें उत्तर मंडळीनें आपल्या कृतीनें दिलें पाहिजे.

शाळा, दवाखाना व दारिद्र्यनिवारण हीं कामें आतां पुष्कळशीं सरकारच्या व बाजाराच्या हातीं गेलीं आहेत. विवाहाच्या बाबतींतहि तसेंच. धर्मपीठानें विवाह रद्द ठरविला तरी तेवढ्यानें कायद्यानें तो मोडत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं मॉली जोसेफ यांच्या खटल्यांत सांगितलें. आणि १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्यांत स्त्रीवर होणारा उघड पक्षपात २००१ सालीं कायदेमंडळानें दूर केला. म्हणजे जुन्या मंडळीच्या हातांतील सत्तेच्या बहुतेक दोऱ्या निसटल्या आहेत. आमच्या मतें हें वाईट झालें नाहीं. ज्या समाजाजवळ सत्ता उरत नाहीं त्याला सेवेवांचून गत्यंतर नसतें, आणि सेवा हाच तर त्याचा मूळ धंदा.

मोबाईल काय करूं शकत नाहीं याचें एक उदाहरण सांगतों. तो मृताला खांदा देऊं शकत नाहीं. नव्या गांवीं आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत मृत्यु झाला म्हणजे पहिला प्रश्न पडतो तो दफनभूमीचा. छत्तीसगडांत बस्तर भागांतील एका पाळकाच्या दफनाचा वाद २०२५ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गांवांत जागा द्यावी कीं नाहीं यावर दोन न्यायमूर्तींचें एकमत झालें नाहीं. आणि प्रेत कित्येक दिवस शवागारांत पडून राहिल्यामुळें अखेर वीस-पंचवीस किलोमीटर दूरच्या ठरीव ख्रिस्ती दफनभूमींत तें पुरण्याचा हुकूम झाला. पुत्रानें पित्याला माती देण्यासाठीं देशाच्या वरिष्ठ न्यायालयाचे उंबरठे झिजवावे, ही गोष्ट कोणत्याहि धर्माच्या मनुष्यास लाजविणारी आहे. आपल्याकडे असा प्रसंग येऊं नये म्हणून आधींच तजवीज करणें शहाणपणाचें. प्रेतांच्या अंत्यविधीसाठीं जागा मिळविणें व राखणें हें नगरपरिषदेचें कायद्यानें ठरलेलें कर्तव्य आहे, मेहेरबानी नव्हे. कर्जत व खोपोली येथील नगरपरिषदांकडे व खालापूरच्या नगरपंचायतीकडे सर्व पंथांच्या ख्रिस्ती लोकांनीं एकजुटीनें एक अर्ज करावा, आणि त्या अर्जावर त्यांच्या हिंदु-मुसलमान-बौद्ध शेजाऱ्यांनींहि सह्या कराव्या. मेलेल्या माणसाच्या साडेतीन हात जागेवर ज्यांचें एकमत होत नाहीं त्यांनीं स्वराज्याच्या गोष्टी कोणत्या तोंडानें बोलाव्या?

दुसरी गोष्ट पैशाची. आमच्या वाचकांत व्यापारी बरेच आहेत; जी पेढी आपला जमाखर्च भागीदारांस दाखवीत नाहीं तिचें काय होतें, हें त्यांस शिकवावयास नको. मिशनें गेलीं, पण त्यांनीं घेतलेल्या जमिनी राहिल्या. आणि त्या जमिनींना आज सोन्याचा भाव आला आहे. मालमत्तेचे तंटे म्हणून जागोजाग माजले. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या एका प्रकरणांत २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीं नोंदलेल्या मंडळीच्या मालमत्तेचा वाद दिवाणी कोर्टांत नव्हे, धर्मादाय आयुक्तांपुढें चालला पाहिजे. पुढें २०१३ सालीं गुजराथेंतील ब्रदरन मंडळीच्या प्रकरणांत असें ठरलें कीं, दोन मंडळ्यांनीं एक होण्याचा नुसता ठराव केला म्हणून एकीची मिळकत दुसरीकडे जात नाहीं. कायद्याची रीत पाळावी लागते. प्रार्थनेनें जीं मनें एक झालीं त्यांचे दस्तऐवज निराळेच राहिले, असा हा प्रकार. रोमन कॅथॉलिकांच्या १९८३ च्या धर्मसंहितेंत तर प्रत्येक धर्मग्रामास अर्थसमिति असावी व भाविकांनीं दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांस द्यावा, असें स्पष्ट लिहिलेलें आहे. नियम उत्तम आहे. तो पाळला जातो कीं नाहीं हें विचारण्याचा अधिकार प्रत्येक दानकर्त्यास आहे, आणि तो विचारणें ही अश्रद्धा नव्हे. हें आम्ही ख्रिस्ती मंडळीस उद्देशून लिहितों म्हणून आमच्या हिंदु वाचकांनीं सुस्कारा सोडूं नये. आपल्या किती देवस्थानांच्या पंचांनीं गेल्या वर्षाचा हिशेब देवळाच्या भिंतीवर लाविला, याची चौकशी त्यांनीं आपापल्या गांवीं करून पाहावी.

तिसरी गोष्ट जातीची. ज्या धर्मांत जात नाहीं असें म्हणतात त्या धर्मांत आल्यावरहि सोयरीक जुळवितांना जुनी जात विचारली जाते, हें कोणाहि समंजस ख्रिस्ती गृहस्थास ठाऊक आहे. शिवाय नगराकडचा मराठी ख्रिस्ती, वसईचा, गोव्याचा व केरळचा अशी नवी वर्गवारी तिच्यावर बसली आहे. कर्जत-खालापुरासारख्या नव्या वस्तीचा एक फायदा असा कीं, येथें कोणाचेंच वडिलोपार्जित बांक राखून ठेविलेलें नाहीं. कोणा एका गटाची पूर्वापार वहिवाट नसल्यामुळें ज्या सुधारणा जुन्या गांवीं शंभर वर्षें अडल्या त्या येथें एका ठरावानें होऊं शकतील. तेव्हां येथील मंडळीनें मराठी उपासनेस मुख्य स्थान द्यावें, कारण घरची बोली कोणतीहि असो, बाजारांत व शाळेंत शेजाऱ्याशीं बोलण्याची भाषा तीच आहे. पंचांत स्त्रियांस निम्मी जागा द्यावी, कारण देवळांत निम्म्याहून अधिक त्याच असतात. आणि पाळक किंवा धर्मगुरू कोणीहि येवो, मंडळीचा कारभार मंडळीनेंच पाहावा.

चौथी गोष्ट शेजारधर्माची. या तालुक्यांत ठाकर व कातकरी लोकांची वस्ती मोठी आहे. २०२३ च्या जुलैमध्यें खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडी दरडीखालीं गाडली गेली, तेव्हां डोंगरांतल्या वाड्यांचें जिणें किती नाजूक आहे तें साऱ्या महाराष्ट्रानें पाहिलें. अशा ठिकाणीं जी कोणती संस्था कामास जाईल तिनें एक पथ्य पाळावें: सेवेचें मोल श्रद्धेच्या रूपानें मागूं नये. कोणास धर्म बदलावासा वाटला तर तो त्याचा घटनेनें दिलेला अधिकार आहे व त्याच्या आड येणें आम्हांस मान्य नाहीं. पण भुकेल्याच्या ताटावर कोणत्याहि धर्मानें आपला शिक्का मारूं नये, हेंहि तितकेंच खरें. वसईचें उदाहरण डोळ्यांपुढें आहे. तेथें १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईसाठीं जी चळवळ झाली तींत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे धर्मगुरू पुढें होते. आणि त्यांनीं मागितलें काय, तर सर्व गांवकऱ्यांसाठीं झाडें, पाणी व निर्भयपणा. अशा माणसास मराठी साहित्यिकांनीं धाराशिव येथें २०२० सालीं संमेलनाचें अध्यक्षपद दिलें यांत नवल नाहीं. मंडळी आपल्या कुंपणाबाहेर आली म्हणजे समाज तिला आपली म्हणतो, असा त्याचा अर्थ.

जुनी मंडळी हें टाकलेल्या लोकांचें आश्रयस्थान होतें. नवी मंडळी ही स्वखुषीनें जमलेल्या लोकांची सभा आहे. आश्रयस्थानांत मनुष्य निरुपायानें राहतो, सभेंत तो उपयोग वाटेल तोंवरच बसतो. म्हणून नव्या मंडळीचें काम जुनीहून कठीण आहे. कर्जत-खालापुरच्या ख्रिस्ती बांधवांस आमची विनंति अशी कीं, नवें मोठें देऊळ बांधण्यासाठीं वर्गणी गोळा करण्यापूर्वीं त्यांनीं एक साधी यादी करावी: आपल्या स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरांत कोण म्हातारें एकटें राहतें, कोणाच्या मुलास अभ्यासास जागा नाहीं, कोण विधवा कचेरीच्या फेऱ्या घालीत आहे. त्या यादींत पंथाचा रकाना ठेवूं नये. ती यादी पुरी झाली व तींतील निम्मीं कामें उरकलीं, म्हणजे रविवारीं मंडळींत कां यावें हें तरुणांस समजावून सांगण्याची गरज पडणार नाहीं. आणि आमच्या इतर वाचकांनीं, आपापल्या आळीची अशीच यादी करण्यास ख्रिस्ती शेजाऱ्याची वाट पाहत बसूं नये.